विकलेल्या गाडीचा मालक

जुनी मोटारसायकल विकणे हा आपल्याकडे अजूनही पुष्कळसा शब्दावर चालणारा व्यवहार आहे. एखादा शिक्षक आठ-दहा वर्षे वापरलेली गाडी काढावयाचे ठरवतो. शाळेतील सहकाऱ्याच्या किंवा बँकेतील एखाद्या कारकुनाच्या ओळखीतून गिऱ्हाईक मिळते. रविवारी सकाळी ते गिऱ्हाईक येते, एक फेरी मारून पाहते, इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकते, हजार-पाचशेची घासाघीस होते, चहा होतो. पैसे मोजले जातात, दोन्ही किल्ल्या आणि आर. सी. बुक हातात पडते, कोऱ्या फॉर्मांवर सह्या होतात आणि नवा मालक निघता निघता सांगतो की, नाव तेवढे आठ दिवसांत चढवून घेतो. गाडी गल्लीच्या वळणाआड गेली की विकणारा 'मोकळा झालो' असे म्हणून घरात वळतो. कायद्याच्या दृष्टीने त्याच्या अडचणीला त्या क्षणी आरंभ झालेला असतो. कालपर्यंत गाडी त्याच्या नावावर होती आणि त्याच्या अंगणातही होती. आता नाव त्याचे आणि गाडी भलत्याच्या हाती अशी अवस्था सुरू होते, आणि ती किती दिवस, किती महिने, किती वर्षे चालेल हे ठरवणे त्याच्या हाती उरत नाही.

मोटार वाहनांचा आजचा कायदा १९८८ सालचा असून तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याचे ५० वे कलम याबाबत पुरेसे स्पष्ट आहे. विकणाऱ्याने विक्रीपासून चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला विक्रीची खबर द्यावयाची आणि तिची प्रत घेणाऱ्याला पाठवावयाची; घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत आपल्या राहत्या ठिकाणच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे प्रमाणपत्र व शुल्क यांसह अर्ज करावयाचा. गाडी परराज्यात नोंदलेली असेल तर विकणाऱ्याची मुदत पंचेचाळीस दिवसांची होते व मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. म्हापशाला नोंदलेली मोटारसायकल सावंतवाडीच्या माणसाने घेतली तर अंतर थोडे असले तरी हा फेरा चुकत नाही. विकणाऱ्याच्या खबरेसाठी २९ क्रमांकाचा आणि घेणाऱ्याच्या अर्जासाठी ३० क्रमांकाचा फॉर्म आहे. व्यवहारात या फॉर्मांच्या जोडीला टी. टी. फॉर्म म्हणतात आणि रविवारच्या त्या बैठकीत कोऱ्या कागदावर सह्या होतात त्या याच फॉर्मांवर. या मुदती काही नव्या नव्हेत. १९३९ च्या कायद्यातही चौदा आणि तीस हेच आकडे होते. म्हणजे ऐंशीहून अधिक वर्षे हा नियम पुस्तकात आहे, आणि तो पाळला नाही म्हणून आपले काही अडते असे लोकांना फारसे वाटलेले नाही.

बदल झाला तो वेगळ्याच जागी. जुन्या कायद्यातील 'मालक' या शब्दाच्या व्याख्येत, नोंदीवर ज्याचे नाव तो मालक, असे म्हटलेले नव्हते. त्यामुळे विक्री खरोखर झाली, पैसे आणि गाडी यांची देवाणघेवाण झाली, एवढे सिद्ध केले की जुन्या मालकाला सुटकेची वाट होती. जंगम मालाची मालकी विक्रीने बदलते, सरकारी नोंद हा पुढचा उपचार, हा १९३० च्या मालविक्री कायद्याचा सर्वसाधारण सिद्धांत त्याच्या मदतीला येई. १९८८ च्या कायद्याने आपल्या दुसऱ्याच कलमात, ज्याच्या नावाने वाहन नोंदलेले आहे ती व्यक्ती मालक, असे सांगून टाकले. अज्ञान मुलाच्या नावे असलेली गाडी आणि कर्जाऊ वा भाडेखरेदीने घेतलेली गाडी एवढेच काय ते अपवाद ठेवले. या एका ओळीचा अर्थ न्यायालयांतून पुरता स्पष्ट व्हायला पुढची जवळजवळ तीस वर्षे गेली. शिक्षकांच्या खोलीपर्यंत तो अजूनही पोचला आहे असे म्हणवत नाही.

तो स्पष्ट झाला तो सर्वोच्च न्यायालयात. फेब्रुवारी १९९३ मध्ये विकलेल्या एका ट्रकला मे १९९४ मध्ये अपघात झाला. मधल्या काळात नोंद जुन्याच मालकाच्या नावे राहिली होती आणि विमाही त्याच्याच नावाने उतरवलेला होता. २०११ साली न्यायालयाने निर्णय दिला की, नोंद बदललेली नाही तोवर तिसऱ्या इसमाच्या दृष्टीने जुना मालक हाच मालक. ६ फेब्रुवारी २०१८ चा निकाल याहून बोलका आहे. त्यातील मोटार मूळ मालकाने २००७ साली विकली होती. ती पुढे एका हातातून दुसऱ्या हातात आणि तेथून तिसऱ्या हातात गेली. २००९ च्या मे महिन्यात ती मागे घेतली जात असताना अपघात होऊन एका मुलाचा मृत्यू झाला. त्या वेळी ती चालवणाऱ्याचे वा चालवून घेणाऱ्याचे आणि मूळ मालकाचे परस्परांशी कसलेही देणेघेणे नव्हते. न्यायाधिकरणाने नोंदीवरील मालकाला जबाबदार धरले. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने, त्याने गाडी केव्हाच विकली होती म्हणून, त्याला मोकळे केले. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती सुटका रद्द केली. दोन वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीने केलेल्या अपघाताची भरपाई नोंदवहीतील नावाच्या माणसाकडे आली.

हा न्याय कठोर आहे, असे कोणालाही प्रथमदर्शनी वाटेल. परंतु अपघातात कर्ता माणूस गेलेल्या कुटुंबाच्या जागी उभे राहून पाहिले की तो तसा वाटत नाही. त्या कुटुंबाच्या हाती एकच धागा असतो, तो म्हणजे गाडीच्या पाटीवरचा क्रमांक. त्या क्रमांकावरून जे नाव निघते त्यानेच 'मी गाडी अमक्याला दिली' म्हणावयाचे, अमक्याने तमक्याचे नाव सांगावयाचे, आणि विधवेने वकिलाची फी भरत या नावांची माळ ओढत बसावयाचे, असे होऊ लागले तर भरपाईच्या कायद्याला काही अर्थच राहणार नाही. संसदेचा हेतू तसा असणे शक्य नाही, हेच न्यायालयाने म्हटले आणि ते योग्यच म्हटले. नोंद बदलणे विकणारा आणि घेणारा यांच्या हाती होते. रस्त्यावरून चालणाऱ्याच्या हाती नव्हते. तेव्हा ती न बदलण्याचा भार त्याच्या माथी मारता येणार नाही. नोटरीपुढे मुद्रांक कागदावर केलेली विक्रीची पावती विकणाऱ्याला घेणाऱ्याविरुद्ध पुढे कधी पैसे वसूल करण्यास उपयोगी पडेल. अपघातग्रस्तासमोर ती ढाल होत नाही.

विमा चालू असेल तर प्रश्न पुष्कळसा सुटतो, कारण तिसऱ्या इसमाची भरपाई विमा कंपनी देते आणि गाडी विकली गेली तरी तेवढ्यापुरता विमा नव्या मालकाच्या मागोमाग जातो. पण येथेच खरी मेख आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदमच घ्यावा लागतो. गाड्या जुन्या बाजारात येतात त्या बहुतेक ही पाच वर्षे संपता संपता किंवा संपल्यावर. मग त्या विम्याचे नूतनीकरण कोणी करावयाचे? जुना मालक म्हणतो, गाडी माझी नाही. नवा म्हणतो, कागद माझ्या नावावर झाल्यावर पाहू. दोघांच्या मधल्या या काळात गाडी रस्त्यावर विम्यावाचून धावते आणि नेमक्या त्याच काळात जबाबदारी जुन्या मालकावर राहते. नवा मालकही यात सुखी नसतो. चोरी किंवा मोडतोड यांचा विमा तृतीय पक्षाच्या विम्यासारखा आपोआप त्याच्याकडे येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५-९६ च्या सुमारासच ठरवून दिले आहे. त्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीवरील नाव बदलावे लागते. मालक-चालकाच्या मृत्यूसाठी असलेला पंधरा लाखांचा व्यक्तिगत अपघात विमा तर नोंदीवरील मालकासाठीच असतो. गाडीवर आपले नाव न चढवता ती चालवणारा तरुण ज्या दिवशी पडेल त्या दिवशी त्याच्या आईवडिलांना या रकमेवर हक्क सांगता येणार नाही.

अपघात ही टोकाची गोष्ट झाली. रोजच्या कटकटी वेगळ्याच आहेत. चौकातील कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो आणि दंडाचे चलन नोंदीवरील मालकाच्या मोबाइलवर जाते. विकलेल्या गाडीने कोणत्या सिग्नलला थांबा चुकवला आणि कोणत्या पुलावर तिघे बसले होते याची बित्तंबातमी निवृत्त मुख्याध्यापकाला घरबसल्या कळत राहते. दंड साचला की लोक अदालतीची नोटीस येते. याहून गंभीर प्रकार म्हणजे घेणाऱ्याने ती गाडी आपल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती देणे. २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलमानुसार अज्ञान मुलाने वाहन चालवताना केलेल्या गुन्ह्याबद्दल पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. आपल्याला याची माहिती नव्हती, हे दाखवून देण्याची जबाबदारी मालकाची. तो ते बहुधा दाखवू शकेलही, पण त्यासाठी त्याला रजा काढून पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील.

इतके असूनही नाव चढवणे टळते ते का? आळस हे त्याचे सोपे उत्तर आहे, पण ते अपुरे आहे. पुष्कळदा घेणाऱ्याचा न चढवण्यातच फायदा असतो. जुन्या गाडीच्या जाहिरातीत 'एकच मालक' या दोन शब्दांना रोख किंमत आहे. नोंदीत एक नाव वाढले की गाडी 'दुसऱ्या हाताची' ठरते आणि भाव खाली येतो. ज्याला ती चार महिने वापरून किंवा मुळीच न वापरता पुढे विकावयाची आहे, त्याला जुन्या मालकाच्या सहीचे कोरे फॉर्म हे सोन्यासारखे असतात. तो ते पाकिटात घालून ठेवतो. पुढचे गिऱ्हाईक मिळाले की गाडीबरोबर पाकीटही पुढे जाते. अशी तीन-चार गिऱ्हाइके होईपर्यंत फॉर्मावर खरेदीदाराचे नाव आणि तारीख कोरीच राहते. विकणाऱ्याला वाटते की आपण सही करून आपले काम केले. वस्तुतः त्याने कोऱ्या धनादेशावर सही करून तो अनोळखी माणसाच्या खिशात घातलेला असतो. शहाणपण शिकवणाऱ्या आणि दिवसभर हिशेबाच्या वह्या तपासणाऱ्या वर्गाकडून हे व्हावे, याचे नवल वाटते.

विद्यार्थ्यांचे कारण निराळे. लातूरचा मुलगा पुण्यात शिकतो, वसतिगृहात राहतो आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलाकडून गाडी घेतो. नाव चढवावयाचे तर पत्त्याचा पुरावा हवा, आणि आधार कार्डावर पत्ता लातूरचा. शिकणे संपले की गाडी पहिल्या वर्षाच्या कोणाला तरी द्यावयाचीच आहे. मग कशाला ही यातायात, असा त्याचा हिशेब. अशी एखादी गाडी एकाच महाविद्यालयाच्या आवारात चार पिढ्या फिरते आणि नोंदीवरील मालक तोवर नोकरीसाठी परदेशी गेलेला असतो. यात भर सरकारी कार्यालयाच्या धास्तीची. हस्तांतरणाचे शुल्क काही फार नाही, पण फाटकाबाहेरच्या एजंटाला द्यावे लागणारे पैसे आणि बुडणारा दिवस धरला की दहा-पंधरा हजारांच्या जुन्या गाडीसाठी ते माणसाला जड वाटते.

विकत घेणाऱ्यानेही आपण फार हुशारी केली असे समजू नये. विकणाऱ्याकडे नसलेली मालकी त्याला मिळू शकत नाही, आणि कागद न बदलणाऱ्याला ही गोष्ट फार उशिरा कळते. बँकेचे किंवा पतसंस्थेचे कर्ज फेडून झाले तरी आर. सी. वरचा बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी बँकेचे पत्र आणि ३५ क्रमांकाचा फॉर्म द्यावा लागतो. हप्ते संपल्याच्या आनंदात हे काम राहून जाते आणि पाच वर्षांनी शाखा दुसऱ्या बँकेत विलीन झाल्यावर ते पत्र कोणाकडे मागावयाचे असा प्रश्न येतो. मालक वारला असेल तर त्याची पत्नी ती गाडी परस्पर विकू शकत नाही. मृत्यूची खबर तीस दिवसांत देऊन, तीन महिन्यांच्या आत आधी वारसाच्या नावे नोंद करून घ्यावी लागते. पतीची सही असलेला जुना फॉर्म घरात सापडला म्हणून तो वापरण्याचा सल्ला देणारे हितचिंतक प्रत्येक गावात असतात. तो सल्ला फसवणुकीच्या गुन्ह्यात नेणारा आहे. चॅसी आणि इंजिन यांचे क्रमांक आर. सी. शी ताडून पाहणे हे तर पाच मिनिटांचे काम, पण टायरची नक्षी बारकाईने न्याहाळणारे लोक ते करीत नाहीत.

एक गोष्ट येथे आठवते. आपल्याकडे आठवड्याच्या बाजारात बैल विकला तर बाजार समितीची पावती होते. घेणारा ती जपून ठेवतो, वाटेत कोणी हटकले तर दाखवतो. जमिनीच्या बाबतीत सात-बाराला नाव लागेपर्यंत अडाणी म्हणवला जाणारा शेतकरीही तलाठ्याच्या दारातून हलत नाही. फेरफार म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही. नाव न लागल्याने काय होते ते त्याने भावकीत पाहिलेले असते. मोटारसायकल ही मात्र आपण अजून सायकलीच्या जातीतच मोजतो.

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने परिवहन विभागाच्या ५८ सेवा आधारच्या ओळखीवर घरबसल्या मिळण्याची सोय केली, त्यांत मालकीचे हस्तांतरणही आहे. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून स्वतंत्र नियम लागू झाले. त्यांनुसार व्यापाऱ्याला अधिकृत परवाना घ्यावा लागतो, मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की तशी सूचना परिवहन विभागाकडे जाते आणि तेथून पुढची जबाबदारी त्या व्यापाऱ्याकडे येते. नियम चांगला आहे. पण ओळखीतून, शेजाऱ्यात, सहकाऱ्यात होणारा खासगी व्यवहार त्याच्या कक्षेत येत नाही. ज्याने आपली गाडी दुकानात दिली त्याला संरक्षण आणि ज्याने ती ओळखीच्या गरजू मुलाला दिली त्याला मात्र नाही, हा भेद समर्थनीय नाही.

दोष कायद्याच्या रचनेत आहे. विकणाऱ्याने चौदा दिवसांत खबर द्यावी असे तो सांगतो, पण खबर दिली म्हणून त्याला काय मिळते? नोंदवहीतील नाव त्या खबरेने बदलत नाही. ते घेणाऱ्याच्या अर्जावर अवलंबून राहते. व्यवहारात तर दोन्ही फॉर्म एकदमच दिले जातात, म्हणजे घेणारा हलेपर्यंत विकणाराही हलत नाही. ब्रिटनमध्ये याची मांडणी उलट आहे. तेथे विकणारा स्वतःच स्वान्सी येथील वाहन नोंदणी संस्थेला नव्या धारकाचे नाव व पत्ता कळवतो, नोंदणीपत्राचा एक तुकडा घेणाऱ्याच्या हाती देतो आणि नव्या धारकाच्या नावाचे नोंदणीपत्र परस्पर त्याच्या पत्त्यावर जाते. शिवाय ऑक्टोबर २०१४ पासून वाहनकर गाडीबरोबर पुढे जात नाही. विकणाऱ्याला उरलेल्या पूर्ण महिन्यांचा कर परत मिळतो आणि घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून आपला कर भरावा लागतो. साहजिकच तेथे खबर देण्याची घाई विकणाऱ्यालाच असते.

आपल्याकडे हेच शब्दशः आणता येणार नाही. विकणाऱ्याच्या एकट्याच्या शब्दावर नाव बदलू लागले तर अपघातानंतर मागली तारीख टाकून गाडी एखाद्या बेपत्ता इसमाच्या गळ्यात बांधणारे निघतील, आणि मग भरपाई मागणाऱ्या कुटुंबाची पुन्हा तीच गत होईल. पण आधारची ओळख पटवण्याची सोय आता हाताशी आहे. विकणाऱ्याने खबर दिली आणि घेणाऱ्याने त्याच वेळी आपल्या मोबाइलवरून तिला संमती दिली, की त्या मिनिटाची नोंद सरकारी वहीत उमटावी; त्या मिनिटापासून चलन, चौकशी आणि भरपाई यांची जबाबदारी घेणाऱ्याची व्हावी; प्रमाणपत्र, शुल्क, तपासणी हे सोपस्कार त्याने तीस दिवसांत पुरे करावेत आणि न केल्यास दंड त्याला व्हावा. वसतिगृहातील मुलासाठी महाविद्यालयाचा दाखला तात्पुरता पत्ता म्हणून ग्राह्य धरण्यासही हरकत नसावी. यासाठी पन्नासाव्या कलमात दुरुस्ती लागेल, कारण नुसत्या संगणकाच्या सोयीने मालकाची व्याख्या बदलत नाही. व्यापाऱ्यांसाठी जी सोय २०२३ पासून चालते, ती खासगी व्यवहारापर्यंत आणण्यात कोणती अडचण आहे हे परिवहन मंत्रालयाने सांगावे.

ती दुरुस्ती होईपर्यंत विकणाऱ्याच्या हाती एकच साधन आहे आणि ते म्हणजे शेवटचा हप्ता. गाडीचे पैसे एकदम घेऊन किल्ली देण्याऐवजी दोघांनी मिळून अर्ज भरावा, कोऱ्या फॉर्मावर सही न करता खरेदीदाराचे नाव, पत्ता, तारीख आणि वेळ लिहूनच ती करावी, भरलेल्या कागदांच्या व ओळखपत्रांच्या प्रती ठेवाव्यात, खबर दिल्याची पोच मिळाल्यावरच किल्ली द्यावी, आणि महिनाभराने परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर आपला जुना क्रमांक घालून तेथे कोणाचे नाव दिसते ते पाहावे. ओळखीच्या माणसाकडे असा आग्रह धरणे अनेकांना संकोचाचे वाटते. ज्या खरेदीदाराला या आग्रहाचा राग येईल त्याला गाडी न विकलेलीच बरी.